घरगुती दगडफोड यंत्र: दगड फुटला नाही, तर काय फुटणार?

मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचं धोरण मंजूर केलं आणि 'क्रशर' हा शब्द पारापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे ऐकू येऊ लागला. नदीतली वाळू उपसण्याऐवजी दगड दळून वाळू करायची, एवढं सगळ्यांना कळलं. तरण्या पोरांच्या डोक्यात पुढचा प्रश्न आपोआप आला. दगड बांधावर पडलेलेच आहेत, मोटार आहे, वेल्डिंग मशीन आहे, मग लहानसा क्रशर घरीच का करू नये? मोबाइलवर तसे व्हिडिओही ढिगाने दिसतात. दोन पत्रे, एक मोटार, वरून दगड टाकला की खालून खडी.

एरंडोलकडे फॅब्रिकेशनचं दुकान चालवणाऱ्या माझ्या भाच्याने असाच एक व्हिडिओ मला दाखवला. "मामा, होईल ना आपल्याच्याने?"

होतं. आम्ही केला. पण पहिल्या यंत्राची चौकट तिसऱ्या दिवशी वेल्डच्या कडेने तडकली. दुकानात रोज येऊन बसणारे एक म्हातारे पाथरवट ती चीर बघून एवढंच म्हणाले, "दगड लोखंडले खाई टाकी, भो." पुढचे सहा महिने आम्ही त्या एका वाक्याचा अर्थ लावत होतो. यंत्र दगडाला जेवढं दाबतं, दगडही यंत्राला तेवढंच उलट दाबतो. दोघांपैकी जो कमजोर तो फुटतो. म्हणून यंत्र करणाऱ्याने पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो हा: दगड फुटला नाही, तर काय फुटणार?

आपल्या पायाखालचा दगड

खानदेशातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थिजले, त्यातून दख्खनचं पठार झालं. धुळे-नंदुरबार भागात जमिनीतून भिंतीसारखे लांबच लांब उभे काळे कणे दिसतात. जुन्या थरांना पडलेल्या भेगांत नवा लाव्हा शिरून तिथेच गोठला, त्याचे ते बांध. हा दगड फार घट्ट असतो. याउलट यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात तापीचा खोल गाळ आहे, तिथे विहीर खणताना दगडच लवकर लागत नाही.

काळा दगड म्हटला तरी सगळा एका जातीचा नसतो. एकजीव, बारीक पोताचा दगड घणाखाली टणत्कार करतो. भोकाभोकांचा, लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला दगड त्याच्या अर्ध्या जोरात फुटतो. या पोकळ्यांमध्येच पुढे पांढरे, हिरवट स्फटिक वाढतात. सावद्याच्या बाजूच्या खाणींतले असे स्फटिक जगभरचे संग्राहक गोळा करतात. आणि ऊन-पावसाने कुजलेला दगड म्हणजे मुरूम, तो तर पहारीनेच सुटतो. व्हिडिओतला माणूस यंत्रात यातला कुठला दगड टाकतो आहे, ते आधी बघावं. बहुतेक वेळा तो ठिसूळ असतो.

स्वयंपाकघरातले क्रशर

फोडण्याच्या सगळ्या रीती आपल्या घरात आहेत. खलबत्त्यात वरून आघात होतो. जात्यात दोन दगडांमध्ये घासून पीठ होतं. आणि अडकित्त्यात? एक पातं स्थिर, दुसरं बिजागरीवर हलतं, सुपारी मध्ये सापडते आणि कटकन फुटते. घरी करायला जमेल असा क्रशर म्हणजे हाच अडकित्ता, फक्त उभा आणि मोटारीवर चालणारा. त्याला जॉ क्रशर म्हणतात. जॉ म्हणजे जबडा. एक जबडा चौकटीला पक्का, दुसरा पुढे-मागे हलणारा, मध्ये वर रुंद आणि खाली अरुंद अशी पाचर. दगड वरून पडतो, दाबला जातो, फुटतो, तुकडे खाली सरकतात, पुन्हा दाबले जातात. खालच्या फटीतून जाण्याएवढे झाले की बाहेर पडतात.

या यंत्राचा शोध अमेरिकेतल्या एलाय व्हिटनी ब्लेक यांचा. न्यू हेवन शहरात खडीचा रस्ता करून घ्यायची जबाबदारी त्यांच्यावर आली. माणसं हातोड्याने दगड फोडत बसलेली बघून त्यांनी हे यंत्र योजलं आणि १८५८ साली त्याचं पेटंट मिळवलं. आपल्यासाठी यात जवळची गोष्ट अशी की, कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या जिनचं पेटंट १७९४ मध्ये घेणारे एलाय व्हिटनी हे त्यांचे सख्खे मामा. आपल्याकडच्या जिनिंगमध्ये चालतात ती रोलरची यंत्रं, त्यांची घडण व्हिटनींच्या यंत्राहून वेगळी. तरी कापूस आणि खडी, खानदेशातल्या या दोन्ही धंद्यांमागे एकाच घरातली दोन डोकी आहेत, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

अडकित्त्याची आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. तो फार उघडला की सुपारी फुटत नाही, निसटून उडते. क्रशरमध्येही तसंच होतं. दोन जबड्यांमधला कोन फार मोठा झाला की दगड चावला जात नाही, वर उसळतो. हा कोन २० अंशांच्या आसपास ठेवावा. वरचं तोंड १०० मिलिमीटर आणि खालची फट १५ मिलिमीटर धरली, तर २० अंशांसाठी जबड्याची उंची साधारण २३० मिलिमीटर लागते. आम्ही जागा वाचवायला उंची १५० ठेवली होती. मग कोन ३० अंशांजवळ गेला आणि दगड बेडकासारखे उड्या मारू लागले. तोंडाच्या रुंदीच्या ८० टक्क्यांपेक्षा मोठा दगड टाकायचा नाही, हाही नियम त्यातूनच येतो. तोंड १०० मिलिमीटरचं असेल, तर दगड ८० मिलिमीटरपर्यंतचा. त्याहून मोठा आधी घणाने फोडायचा.

जोर किती लागतो?

बेसाल्टचा सपाट ठोकळा पूर्ण पृष्ठभागावर सारखा दाबला तर तो भयंकर ताकदीचा. चांगला दगड घराच्या स्लॅबच्या काँक्रीटच्या आठ-दहा पट दाब सोसतो. पण ताणाला तो कच्चा आहे. दाब सोसायची त्याची जेवढी ताकद, तिच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढीच ताणाची. दोन टोकांत धरून चेपलं की दगडाच्या पोटात ताण तयार होतो आणि तो मधून दुभंगतो. पाथरवट छिन्नी एका रेषेत लावत जातो, त्यामागे हेच आहे. त्याला दगड चेपायचा नसतोच, उलायचा असतो.

म्हणून जबड्याच्या पाट्या सपाट ठेवत नाहीत, त्यांना उभ्या खाचा असतात. समोरासमोर एकीचा उंचवटा दुसरीच्या खोलगटात येतो, आणि दगड वाकवून फोडला जातो.

तरीही जोर टनांत मोजावा लागतो. घट्ट बेसाल्टचा ५० मिलिमीटरचा खडा दोन टोकांत धरून फोडायला अंदाजे दोन टनांचा जोर लागतो. खडा आकाराने दुप्पट केला की जोर चौपट होतो. म्हणजे १०० मिलिमीटरच्या दगडाला आठ टनांच्या आसपास. एका वेळी दोन-तीन खडे अडकले, तर त्यांची बेरीज. 'अजून एकच इंच मोठं तोंड करू' असं म्हणताना हा चौपटीचा हिशेब विसरला जातो आणि चौकट तडकते.

मग मोटार मोठी घेतली की झालं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. उत्तर 'नाही' असंच आहे. दगड फोडते ती मोटार नव्हे, फ्लायव्हील. फ्लायव्हील म्हणजे ते जड चाक. कडबाकुट्टी ज्यांनी वापरली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. कडब्याची जाड पेंडी घातली तरी चाक तिला कापूनच पुढे जातं, कारण मधल्या रिकाम्या क्षणांत मोटारीने जमवलेली ताकद चाकात साठलेली असते.

आकड्यांत बघू. ४० किलोचं, अर्धा मीटर व्यासाचं भरीव चाक मिनिटाला ३०० फेरे फिरत असेल, तर त्यात साधारण ६०० ज्यूल ऊर्जा असते. साठ किलोचा माणूस एक मीटर उंचीवरून खाली पडला तर जेवढा दणका बसेल, तेवढी. प्रत्येक फेऱ्यात त्यातला थोडा भाग खर्च होतो आणि मोटार तो पुन्हा भरून काढते. एवढ्यावर १०० बाय १५० मिलिमीटरच्या तोंडाला ३ एचपीची, १४४० फेऱ्यांची मोटार पुरते. मोटारीला तीन इंची पुली, चाकाला पंधरा इंची, मध्ये दोन व्ही-बेल्ट, की फेरे २८८ वर येतात. मोटार मोठी आणि चाक हलकं असेल, तर अडकलेल्या दगडावर मोटार गुरगुरत उभी राहते आणि वाइंडिंग जळतं.

चाक भंगारात मिळतं. जुन्या ऑइल इंजिनचं बिडाचं चाक उत्तम, कारण ते मुळातच याहून जास्त फेऱ्यांसाठी केलेलं असतं. घेताना ते दोरीने टांगून हातोडीने हलकं ठोकायचं. माठ घेताना आपण टिचकी मारतो तसंच. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत चीर आहे, फुकट मिळालं तरी घेऊ नये. बिडाच्या चाकाला वेल्डिंग करू नये, नवी भोकंही पाडू नयेत.

गोल फिरण्यातून दाब कसा येतो?

मुख्य शाफ्टचा, म्हणजे चाक ज्यावर बसवलेलं असतं त्या दांड्याचा, मधला भाग लेथवर मुद्दाम बाजूला सरकवून कातलेला असतो. म्हणजे तो मध्यातून फिरत नाही, जरा वेडावाकडा फिरतो. याला एक्सेंट्रिक म्हणतात, आणि हलता जबडा वरून याच भागावर टांगलेला असतो. सरकवणी चार मिलिमीटर ठेवली, तर जबडा वरच्या बाजूला आठ मिलिमीटर पुढे-मागे होतो. जोर येतो तो यातूनच. चाकाचा लांबलचक प्रवास या आठ मिलिमीटरमध्ये कोंबला जातो, जसा लांब दांड्याच्या पहारीचा जोर तिच्या टोकाशी एकवटतो. शाफ्ट साध्या गजाचा नको, ईएन-८ पोलादाचा घ्यावा. बेअरिंगमध्ये काटकसर करू नये. पिठाच्या गिरणीला चालतात ते बॉल-बेअरिंगचे पेडेस्टल इथे आठवड्यात खुळखुळतात. दणके सोसायला रोलर बेअरिंगच हवेत, आणि धूळ आत जाऊ नये म्हणून सील व ग्रीस. आमचे पहिले दोन बेअरिंग दगडाने नव्हे, धुळीने मेले.

चौकट का तडकली?

मिनिटाला ३०० फेरे म्हणजे तासाला १८,००० दणके. बारीक तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण पन्नास वेळा इकडून तिकडे वाकवली की हातात येते. लोखंडाच्या या थकव्यामुळेच आमची चौकट गेली. आठ मिलिमीटरच्या पट्ट्या होत्या. पहिल्या दिवशी यंत्र झकास चाललं. भाच्याने व्हिडिओसुद्धा काढला. तो कोणी पाहिला असता तर त्यालाही वाटलं असतं की यंत्र जमलं. मोबाइलवरचे असे कितीतरी व्हिडिओ पहिल्या दिवसाचे असतात, हे बघणाऱ्याने समजून घ्यावं.

दुसऱ्या चौकटीच्या बाजूच्या प्लेट आम्ही २० मिलिमीटर जाड घेतल्या. जोडाच्या कडा तासून व्ही आकाराची खोबण केली, म्हणजे वेल्ड वरवर न राहता मुळापर्यंत जातो. वेल्डिंगच्या सळ्या ७०१८ या प्रतीच्या, शेगडीवर चांगल्या तापवून कोरड्या केलेल्या, आणि पाठीमागून आधाराच्या आडव्या पट्ट्या. चीर कुठे पडते ते कळावं म्हणून चौकटीला पांढरा रंग दिला. पांढऱ्यावर केसाएवढी रेघही दिसते. दर आठवड्याला कापडाने पुसून वेल्डच्या कडा बघायच्या.

मुद्दाम ठेवलेली कच्ची जागा

आता मूळ प्रश्नावर येऊ. दगडांबरोबर कधीतरी लोखंडाचा तुकडा आत जाणारच. तुटलेली छिन्नी, नांगराचा फाळ, घणाची पाचर. लोखंड फुटत नाही. चाक थांबायला तयार नसतं. मग काहीतरी तुटणार, आणि काय तुटावं ते आपण आधी ठरवलेलं नसेल तर शाफ्ट, बेअरिंग, चौकट यांपैकी सगळ्यात महागडी वस्तू तुटते.

हलत्या जबड्याच्या खालच्या टोकामागे एक आडवी पट्टी टेकलेली असते, तिला टॉगल म्हणतात. जबड्याच्या खालच्या भागावर येणारा जोर ती चौकटीकडे पोचवते. टॉगल एकसंध न करता दोन तुकडे एकावर एक ठेवून साध्या बोल्टांनी जोडायचे. जोर हद्दीबाहेर गेला की बोल्ट कापले जातात, टॉगल दुमडतं आणि जबडा सैल पडतो. १० मिलिमीटरचे साध्या प्रतीचे दोन बोल्ट साधारण साडेतीन ते चार टनांवर कापले जातात. आमच्या लहान यंत्राला तेवढं बरोबर बसलं.

घरातला फ्यूज आठवा. फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालणारे हात प्रत्येक गावात आहेत, आणि नंतर जळलेल्या मोटारीसुद्धा. इथेही तोच मोह होतो. बोल्ट तुटला की माणूस हाय-टेन्साइल बोल्ट घालतो. तसं करू नका. बोल्ट सारखे तुटत असतील तर दगड लहान टाका.

एक खाचखळगा मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. लोखंड वरच्या तोंडाशी अडकलं तर जोर टॉगलवर फारसा येत नाही, तो थेट शाफ्ट आणि बेअरिंगवर जातो. तिथे बोल्ट वाचवत नाही. तिथे बेल्टने घसरायला हवं. म्हणून बेल्ट तबल्यासारखे ताणून ठेवू नयेत.

पाट्या कशाच्या करायच्या?

मोठ्या क्रशरच्या पाट्या मँगनीज पोलादाच्या असतात. इंग्लंडच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ साली हे पोलाद शोधलं, त्यात १२ टक्क्यांच्या आसपास मँगनीज असतं. त्याचा गुण शेतकऱ्याच्या तळहातासारखा आहे. मार बसेल तसे त्याला घट्टे पडतात आणि वरचा थर आणखी कठीण होत जातो. भंगारात मोठ्या क्रशरच्या झिजलेल्या पाट्या मिळतात, त्यातला तुकडा कापून घेणं सगळ्यात चांगलं. ओळखायची सोपी खूण म्हणजे लोहचुंबक त्याला चिकटत नाही. ते नाही मिळालं तर ट्रकच्या कमानीचे पाटे चालतात, फक्त लवकर झिजतात. रेल्वेच्या रुळाचा तुकडा कोणी आणून दिला तर परत पाठवावा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा वेगळा कायदा आहे.

साखळीचा क्रशर जास्त सोपा नाही का?

करायला सोपा आहे, हे खरं. जाड पाइपात शाफ्ट, शाफ्टला साखळीचे तुकडे, वेगाने फिरवले की दगडाचा भुगा. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत हौसेने सोनं शोधणारे लोक गारेच्या (क्वार्ट्झच्या) दगडाचं थोडंसं पीठ करायला तो वापरतात. त्यांना दिवसाला दोन बादल्या पुरतात.

पण हिशेब करा. ४० सेंटिमीटर व्यासात मिनिटाला १४४० फेरे, म्हणजे साखळीचं टोक ताशी १०८ किलोमीटर वेगाने जातं. कडी तुटली तर ती त्याच वेगाने सुटणार. बेसाल्टवर साखळी झपाट्याने झिजते, म्हणजे ती तुटणार हे ठरलेलंच. धूळही याच यंत्रात सगळ्यात जास्त होते. काही जण त्यासाठी जुनं गॅस सिलिंडर कापायला घेतात, त्यात स्फोट होऊन जीव जाऊ शकतो. हे यंत्र कुणीही घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यातून वाळू निघेल का? परवडेल का?

वाळू निघणार नाही. जबड्याच्या यंत्रातून खडी निघते आणि सोबत थोडी कच. गूळ फोडताना बघा, ढेपेचे चार तुकडे एका घावात होतात, पण त्याच गुळाचा भुगा करायला अर्धा तास किसत बसावं लागतं. तुकडा जितका बारीक, तितका नवा पृष्ठभाग तयार करावा लागतो आणि तितकी ऊर्जा लागते. दळणाच्या ऊर्जेचं फ्रेड बाँड यांचं १९५२ चं एक सूत्र आहे. ते लावून पाहिलं तर बेसाल्टचे ७५ मिलिमीटरचे दगड १२ मिलिमीटरवर आणायला टनाला सुमारे १ युनिट वीज लागते. त्याच दगडाचं मैद्यासारखं पीठ करायला १४-१५ युनिट. शिवाय यंत्रातले फुकट जाणारे धक्के वेगळे. क्रशसँडच्या, म्हणजे कृत्रिम वाळूच्या, कारखान्यात जबड्यानंतर आणखी दोन-तीन यंत्रं रांगेत असतात, ती यामुळेच.

आणि परवडण्याचं म्हणाल, तर एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. त्यात साडेचार टनांच्या आसपास खडी बसते. आमचं यंत्र तासाला ३०० किलो देतं. म्हणजे एका ब्रासला पंधरा तास, अधिक आधी घणाने दगड लहान करायची मेहनत वेगळी. विजेचा खर्च थोडाच येतो, पण माणसाचे दोन दिवस जातात. घर बांधायला ब्रासांनी खडी हवी असेल तर ती विकतच घ्या. शिवाय एका टप्प्यातली खडी चपट्या कपच्यांची होते, चाळल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय स्लॅबला वापरायची नसते.

मग हा खटाटोप कशाला? पाडलेल्या भिंतीचा मलबा जागेवर फोडून गोठ्यात भर घालायला, शोषखड्ड्याच्या थरांना लागेल तशी खडी करायला, दगडाचे नमुने तपासायला. आणि शिकायला. भाच्याच्या हाताखालची दोन पोरं आता शाफ्ट ऑफसेटमध्ये कातू शकतात, ही कमाई मला खडीपेक्षा मोठी वाटते.

शेतात टाकायला दगडाचं पीठ करू का, असंही लोक विचारतात. आपली काळी माती याच बेसाल्टची झालेली आहे. तिच्यात बेसाल्टचं पीठ टाकणं म्हणजे तापीत तांब्याभर पाणी ओतणं.

धूळच तर आहे!

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. चौकट, शाफ्ट, बेअरिंग सगळं वाचवलं, आणि यंत्राशेजारी उभ्या माणसाची छातीच कच्ची जागा ठरली तर?

दगडाच्या धुळीतला घातक भाग म्हणजे गारेचे, म्हणजे सिलिकाचे स्फटिक कण. जी धूळ उन्हात दिसते ती बरीचशी नाकात अडकते. जी दिसत नाही, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहून बारीक, ती फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचते आणि तिथे वण तयार करते. हा सिलिकोसिस. झालेला वण कुठल्याही औषधाने जात नाही, आणि अशा छातीला क्षयरोग लवकर धरतो. सातपुड्यापलीकडच्या अलीराजपूर-झाबुआ भागातले आदिवासी मजूर गुजरातेत गोध्र्याकडच्या गार दळणाऱ्या कारखान्यांत कामाला जात. तरणीताठी माणसं खोकत परत आली आणि गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ही गावं नंदुरबारच्या शेजारचीच आहेत.

बेसाल्टमध्ये सुटी गार कमी असते, म्हणून त्याची धूळ गारेच्या धुळीएवढी जहाल नाही. पण आपल्या दगडाच्या पोकळ्यांत गारगोट्या असतात, काँक्रीटच्या मलब्यात वाळू असते, आणि कुठला कण कुठला हे फुप्फुसाला विचारता येत नाही. तोंडाला बांधलेल्या रुमालातून हे बारीक कण आरपार जातात. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क हवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे धूळ उडूच द्यायची नाही. दगड आदल्या रात्री भिजवायचे. तोंडाशी आणि खालच्या फटीशी नर्सरीत वापरतात तसे बारीक तुषार उडवणारे फॉगर लावायचे, ठिबकचं सामान आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला मिळतं. मोटार फॉगरच्या विरुद्ध बाजूला, झाकलेली. यंत्र घरात, पडवीत, बंद शेडमध्ये चालवायचं नाही. वाळलेली धूळ झाडूने नव्हे, पाणी मारून काढायची. आणि कामाचे कपडे घरात न नेता बाहेरच धुवायचे, कारण त्या धुळीत लेकरं खेळतात.

ऑटो स्विच नको

दगड अडकला की हात आपोआप तोंडाकडे जातो. आठ मिलिमीटरच तर हलतंय, असं वाटतं. बोटाला तेवढं पुरतं. कडबाकुट्टीत गेलेले हात आपण पाहिले आहेत. वीज बंद केल्यावरही चाक बराच वेळ फिरत राहतं. स्विच बंद, फ्यूज काढून खिशात, चाक पूर्ण थांबलं, मगच पहार घालायची. बेल्ट आणि चाकावर जाळी असलीच पाहिजे. मफलर, सैल बाही, ओढणी घालून जवळ उभं राहायचं नाही.

आपल्या भागाची एक खास गोष्ट आहे. विहिरीच्या पंपाला आपण ऑटो स्विच लावतो, लाइट आली की पंप आपला आपण सुरू व्हावा म्हणून. क्रशरला तो चुकूनही लावू नका. लाइट गेली, माणूस अडकलेला दगड काढायला वाकला, आणि लाइट आली, तर? क्रशरला असा स्टार्टर हवा की लाइट गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय पुन्हा धरत नाही. अर्थिंग आणि आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवेतच, कारण इथे पाणी आणि वीज शेजारी आहेत. आणि यंत्र नेहमी रिकामं सुरू करायचं, पूर्ण वेग आला की मगच दगड.

परवानगी लागते का?

दगड हे गौण खनिज आहे. स्वतःच्या शेतातला असला तरी विक्रीसाठी काढायचा तर परवाना आणि स्वामित्वधन लागतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) खाली विनापरवाना उत्खननाला जबर दंड आहे. व्यवसाय म्हणून क्रशर चालवायचा तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही लागते. घरच्या मलब्यापुरतं, विक्री न करता यंत्र चालवणं वेगळं, तरी एकदा तलाठ्याकडे आणि तहसील कचेरीत विचारून घ्यावं. शेजाऱ्यालाही विचारावं. हे यंत्र गिरणीपेक्षा जास्त आवाज करतं, दुपारच्या झोपेच्या वेळी ते लावू नये. चालवणाऱ्याने कानात बोळे घालावेत.

आमचं दुसरं यंत्र अजून चालू आहे. मागच्या महिन्यात मलब्यातून तुटक्या पहारीचं वीतभर टोक आत गेलं. ठणकन आवाज झाला आणि जबडा सैल पडला. चाक मोकळं फिरत राहिलं, ते थांबेपर्यंत कोणी जवळ गेलं नाही. मग भाच्याने पांढऱ्या चौकटीवरून कापड फिरवून एकेक वेल्ड पाहिला. कुठेही रेघ नव्हती. शेडच्या खांबाला साध्या बोल्टांचा डबा टांगलेला आहे, त्यातले दोन काढले, टॉगल जोडलं, आणि वीस मिनिटांत दगड पुन्हा पडू लागले.